तो टायफॉईड नव्हता

मंडळी, हे लिहीन लिहीन म्हणता दोन महिने गेले. हात धजत नव्हता. आमच्या नातेवाईकांपैकी जे नेमाने इथे वाचतात त्यांना माहीत आहे की १९८४ साली मला टायफॉईड झाला होता आणि त्यासाठी मला नागपूरला ठेवलं होतं. शाळेतल्या रजेच्या अर्जावर तेच लिहिलं होतं, मंडळीतही तेच सांगितलं होतं. माझ्या स्वतःच्या धाकट्या जावेलाही आजतागायत तेच ठाऊक आहे. तो टायफॉईड नव्हता. मला वेड लागलं होतं.

आता चाळीस वर्षांनी हे उकरून काढायचं कारण म्हणजे आमच्या नातीचं लग्न जमत आलंय. मुलगा चांगला आहे, घरही चांगलं आहे. त्याच्या आईनं फोनवर सहज विचारावं तसं विचारलं, "घराण्यात काही आजार वगैरे?" मधुमेह, रक्तदाब असं आमच्या मुलानं सांगितलं. लगेच संध्याकाळी माझ्या बहिणीचा फोन! "ताई, कुणी विचारलंच तर टायफॉईडच सांग हं. पोरीचं वाटोळं नको करू." नात शेजारीच बसलेली, तिनं ऐकलं. ती म्हणाली, "आजी, कसला टायफॉईड?"

तर ही गोष्ट तिच्यासाठी. पण मी पडले शाळामास्तरीण, सरळ गोष्ट सांगता येत नाही. थोडा इतिहास होणारच, सांभाळून घ्या.

आमचं घर रेल्वेचं. आजोबा बंगाल नागपूर रेल्वेत गोंदियाला कारकून होते, आणि आम्ही त्यांच्यापासूनचे ख्रिस्ती. घराच्या मागच्या खोलीत माझे मोठे मामा राहायचे. गाडी आली की ते कुंपणाशी उभे राहून गार्डाला कडक सलाम ठोकत. गार्डही उलटून सलाम करत, म्हणून गल्लीतली पोरं मामांना 'साहेब' म्हणायची. हे झाले बरे दिवस. वाईट दिवसांत खोलीला बाहेरून कडी असे आणि आजी दाराच्या फटीतून भाकरी सरकवी. १९६९ साली ते गेले. घरातल्या एकाही फोटोत ते नाहीत. एक फोटो होता, त्यात कडेला त्यांचा खांदा आहे, बाकी कापलेलं.

आजी म्हणायची, हा कुणाच्या तरी पापाचा भोग आहे. निर्गमात तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोचणाऱ्या शिक्षेची गोष्ट आहे, ती तिला तोंडपाठ. यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात आंबट द्राक्षांची ती म्हण यापुढे म्हणायची नाही असं सांगितलंय, योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी 'पाप कुणाचं' विचारलं तेव्हा येशूनं तो प्रश्नच मोडीत काढलाय, पण ते कुणी आजीला दाखवलं नाही. शेजारच्या हिंदू बायकांकडे पूर्वजन्म होता आणि दोघींकडे मिळून एक म्हण होती: खाण तशी माती. धर्म वेगळे, पण मामांच्या दाराची कडी दोघींच्या मते बरोबर!

१९८४ च्या जानेवारीत मला झोप येईनाशी झाली. गंमत म्हणजे त्रास काहीच नव्हता, उलट इतकं छान मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. रात्रभर वह्या तपासायच्या, पहाटे स्वयंपाक, शाळेत आठवीला एका तासात दोन धडे. उधारीवर नऊ साड्या आणल्या. रेव्हरंड टिळकांचं 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरं केलं, आता त्यापुढचं काम देवानं माझ्यावर सोपवलंय अशी माझी पक्की खात्री झाली. बुधवारच्या प्रार्थनासभेत मी दीड तास बोलले. लोक रडले! आमच्यातले एक वडीलधारे म्हणाले, बाई पवित्र आत्म्यानं भरली आहे.

एप्रिलमध्ये मी भिंतीकडे तोंड करून पडले. आंघोळ नाही, केस विंचरणं नाही. सात वर्षांचा मुलगा येऊन पायाशी बसायचा, त्याच्याकडे बघवायचं नाही. हेच वडीलधारे पुन्हा आले आणि म्हणाले, विश्वास कमी पडला. मला आजही त्यांचा राग येत नाही असं म्हटलं तर खोटं होईल. जानेवारीत देव आणि एप्रिलमध्ये अविश्वास, मधल्या आजाराला कुठे जागाच नाही.

शेवटी शाळेतल्या एका सहशिक्षिकेनं आमच्या ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "भाऊजी, नागपूरला न्या. मी सोबत येते." तेव्हा गोंदियात मनाचा डॉक्टर नव्हता. (आता तर गोंदियात २०१६ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे.) सकाळच्या गाडीनं निघालो. तिरोडा, तुमसर, भंडारा रोड... मी खिडकीला डोकं टेकून रूळ मोजत होते.

आता इथे जरा थांबते, कारण ह्याच रुळांवर आमच्या मराठी ख्रिस्ती माणसांची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट घडलेली आहे. नागपूर ते राजनांदगाव ही लाईन १८८२ साली पुरी झाली, आधी मीटर गेज. पुढे बंगाल नागपूर रेल्वेनं ती रुंद केली. १८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक राजनांदगावच्या नोकरीसाठी ह्या गाडीत बसले. डब्यात एक गोरे गृहस्थ होते. गप्पा झाल्या, कवितेच्या, धर्माच्या. उतरताना त्यांनी नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. टिळकांनी वाचायचं वचन दिलेलं, म्हणून वाचायला घेतलं आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले ते अडकलेच. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा. नागपूर-राजनांदगाव म्हणजे गोंदिया वाटेतच. लहानपणी मी आजोबांना विचारायचे, गाडी गोंदियाला आली तेव्हा त्यांच्या हातात पुस्तक पडलं होतं की नव्हतं? आजोबा म्हणायचे, "पडलं असेल, तुमसरच्या अलीकडे." रेल्वेचा माणूस, त्याला सगळं स्टेशनात मोजायची सवय!

पण मला आज सांगायचंय ते लक्ष्मीबाईंबद्दल. टिळकांना डब्यात प्रकाश मिळाला, इकडे त्यांच्या बायकोचं आयुष्य काळवंडलं. नवरा जिवंत आणि तरी नाही. शोकानं तिचं भान गेलं, नातलगांनी तिला सांभाळून धरलं, चार-पाच वर्षं दोघं वेगळी राहिली. पुढे ती आपणहून त्यांच्याकडे गेली, हळूहळू बदलली, १९०० साली तिचाही बाप्तिस्मा झाला. जातपात तिच्या मनातून कशी एकेक चिरा निखळत गेली हे तिनं 'स्मृतिचित्रे'त लिहिलंय. त्याचा पहिला भाग १९३४ साली आला. शाळेचं तोंड न बघितलेल्या बाईनं लिहिलेलं हे पुस्तक, आणि आम्ही बी.ए.ला ते अभ्यासलं, पुढे मी त्यातला भाग वर्गात शिकवला.

त्या पुस्तकाच्या सुरुवातीला तिचे वडील आहेत, नाना. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली आणि तेव्हापासून नानांना सोवळ्याचं वेड लागलं. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुवायची, ती मीठ असलं तरीसुद्धा! मीठ धुतल्यावर काय उरतं ते सांगायला नको. घरातल्या बायकामुलींचे हाल कुत्रा खाईना. आणि हे सगळं लक्ष्मीबाई अशा काही सांगतात की वाचणारा आधी हसतो आणि मग हसल्याबद्दल ओशाळतो.

नागपूरच्या त्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "घरात आधी कुणाला असं?" आमचे हे चटकन म्हणाले, "नाही, नाही." मी तीन आठवडे कुणाशी धड बोलले नव्हते. भिंतीकडे बघत मी म्हटलं, "मामा. कधी सलाम, कधी कडी." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि मामांबद्दल सगळं विचारून घेतलं. नंतर त्यांनी सांगितलं की मामा कळले म्हणून निदान लवकर झालं. नुसत्या उदासीची गोळी दिली असती तर मी पुन्हा जानेवारीसारखी उधळले असते. म्हणजे बघा, ज्या माणसाला आम्ही फोटोतून कापला तोच उपयोगी पडला.

मला दिलं ते लिथियम. हे एक प्रकारचं मीठच असतं, खनिजातून येतं. जॉन केड नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरानं १९४९ साली त्याचा उन्मादावरचा गुण छापून प्रसिद्ध केला. हा माणूस दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरच्या चांगी कैदेत साडेतीन वर्षं काढून आलेला. परत आल्यावर साध्याशा खोलीत गिनीपिगांवर प्रयोग करत बसला. औषध भारी आणि धोक्याचं. गुण देणारं प्रमाण आणि विषारी प्रमाण यांत फार अंतर नसतं, म्हणून सारखं रक्त तपासायचं. मी पाच आठवडे तिथे होते. चौथ्या आठवड्यात ह्यांनी शाळेच्या लायब्ररीतून 'स्मृतिचित्रे' आणून उशाशी ठेवलं. मी नानांचं मीठ धुणं वाचलं, गोळीच्या पाकिटाकडे बघितलं, आणि हसले. मोठ्यानं. नर्सबाई धावत आल्या, त्यांना वाटलं पुन्हा सुरू झालं!

बरं झाल्यावर मला एकच भीती खात होती आणि ती देवाची नव्हती, मुलाची होती. मामांचं मला आलं, माझं त्याला जाणार. दर परीक्षेच्या आधी तो रात्री जागला की माझ्या पोटात गोळा. म्हणून मी मेंडेल वाचायला घेतला. विज्ञान शिक्षक रजेवर असले की आठवीचं विज्ञान माझ्याच गळ्यात पडायचं, त्यामुळे वाटाण्याची तोंडओळख होतीच.

पुस्तकात मेंडेल म्हणजे एक चौकट आणि तीनास एक हे प्रमाण. माणूस कुठेच नाही. ग्रेगोर मेंडेल १८२२ साली शेतकऱ्याच्या घरी जन्मला. शिकायला पैसे नव्हते तेव्हा धाकट्या बहिणीनं आपल्या हुंड्यातला वाटा त्याला दिला. विद्यार्थीदशेतच तो खचून आजारी पडला आणि घरी येऊन महिनोन् महिने अंथरुणाला खिळला. १८४३ साली ब्रनो गावच्या मठात गेला, पाळक झाला. पण आजारी माणसाच्या खाटेशी जायची वेळ आली की त्याला अशी काही धास्ती बसे की तो स्वतःच अंथरूण धरी. मठाधिपती नाप यांनी १८४९ साली बिशपांना तसं पत्र लिहून कळवलं, आणि त्याला 'विश्वास कमी' न म्हणता शाळेत शिकवायला पाठवलं. शाळेत तो रमला. १८५० साली शिक्षकाची परीक्षा नापास. १८५६ साली पुन्हा बसला, मध्येच प्रकृती ढासळली, ती सोडून परत आला. म्हणजे मंडळी, आनुवंशिकतेचा बाप शिकवत होता तोवर बदली शिक्षकच राहिला! माझ्यासारख्या ट्रेन्ड टीचरला हे वाचून काय वाटलं असेल ते कल्पावं.

त्याच १८५६ पासून १८६३ पर्यंत त्यानं मठाच्या बागेत सुमारे २८,००० रोपं हाताळली. एका प्रयोगात ७,३२४ बिया मोजल्या: ५,४७४ गोल, १,८५० सुरकुतलेल्या. १८६५ च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये त्यानं ते वाचून दाखवलं, पुढच्या वर्षी छापलं, आणि कुणी ढुंकून पाहिलं नाही. १८८४ साली तो गेला. १९०० साली तिघा संशोधकांनी ते काम नव्यानं उजेडात आणलं, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या बाप्तिस्म्याचंच साल. ह्या योगायोगाला काही अर्थ नाही, पण सनावळ्या पाठ करून घेणाऱ्या बाईला असे योगायोग सुटत नाहीत.

त्या मठाच्या बागेतून पुढे जे निघालं ते भयंकर आहे. गोल दाणा, सुरकुतलेला दाणा हे माणसांना लावायला लोकांना वेळ लागला नाही. आपल्याकडेही वारं होतं: ना. सी. फडक्यांनी १९२७ साली सुप्रजाजननाच्या चळवळीची बाजू घेणारं इंग्रजी पुस्तक लिहिलं, तेच आपले कादंबरीकार फडके. जर्मनीत १४ जुलै १९३३ ला सक्तीच्या नसबंदीचा कायदा झाला. त्याच्या यादीत मामांचा आजार नाव घेऊन होता, म्हणजे माझाही. सुमारे चार लाख माणसांची नसबंदी झाली. त्यावरचं भाष्य लिहिणाऱ्यांत अर्न्स्ट रूडिन होते, आणि ह्याच रूडिननी १९१६ साली रुग्णांच्या भावंडांचा अभ्यास केला तेव्हा आकडे मेंडेलच्या साध्या प्रमाणात बसले नव्हते! पुढे १९४० आणि १९४१ मध्ये सत्तर हजारांहून जास्त मनोरुग्ण आणि अपंग माणसं गॅसनं मारली. ३ ऑगस्ट १९४१ ला म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन व्यासपीठावरून ह्याविरुद्ध उघड बोलले, तो मोठा धीराचा दिवस. पण तिथल्या प्रॉटेस्टंट सेवासंस्थांनी नसबंदीला आधीच मान डोलावली होती, हेही लिहायला हवं. आपल्या घरचं झाकून दुसऱ्याचं दाखवायचं असेल तर इतिहास कशाला लिहायचा.

आपल्या इरावती कर्वे १९२८ ते १९३० बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली होत्या, डॉक्टरेटसाठी कवट्या मोजत. वंशावंशांत कवटीचा फरक निघावा ही गुरूची अपेक्षा. बाईंनी मोजलं आणि निघत नाही असं लिहून दिलं. 'युगान्त' लिहिणाऱ्या बाई त्या. मला त्यांचं हे काम जास्त आवडतं, पण ते असो.

आज काय माहीत आहे? मुलाच्या काळजीनं मी हे डॉक्टरांना विचारत आले, आता नात मोबाईलवर काढून दाखवते. माझा आजार शंभरात सुमारे एकाला होतो. आई किंवा बाप, एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता शंभरात दहाच्या आसपास. नातवंडांत ती आणखी कमी. जुळी, अगदी एका गर्भाची, त्यांच्यातही एकाला आहे म्हणून दुसऱ्याला असतोच असं नाही. २०२१ साली चाळीस हजारांवर रुग्णांच्या अभ्यासात ह्या आजाराशी नातं असलेल्या ६४ जागा जनुकांच्या माळेत सापडल्या, प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. वाटाण्यासारखा एक दाणा गोल, एक सुरकुतलेला, असं इथे काही नाहीच. आमच्या धानाच्या मुलखातला कुठलाही शेतकरी सांगेल, बियाणं तेच, पण बांधी वेगळी, पाणी वेगळं, पीक वेगळं. नानांची मुलगी लक्ष्मीबाई निघाली, हे तर आपण वाचतोच. (मेलेल्या माणसाला आजाराचं नाव लावू नये, म्हणून नानांना काय होतं ते मी म्हणत नाही.)

मग देवाचं काय? एका भाचीनं मला स्पष्ट विचारलं होतं, "आत्या, तू गोळीनं बरी झालीस की प्रार्थनेनं?" १९९१ साली मला एकानं सांगितलं, देवानं बरं केलंय तर गोळी कशाला, ती अविश्वासाची खूण आहे. मी बंद केली. चार महिन्यांत पुन्हा नागपूर. ह्या वेळी मुलगा चौदा वर्षांचा होता, त्याला सगळं कळत होतं. त्यानंतर गोळी सोडली नाही. २०१५ पासून मूत्रपिंडामुळे लिथियम बंद करून दुसरी सुरू आहे. पण त्या १९८४ च्या उन्हाळ्यात माझी सहशिक्षिका दर शनिवारी शाळा सुटल्यावर गोंदियाहून गाडीनं यायची, खाटेशी बसायची आणि हळू आवाजात टिळकांची भजनं म्हणायची. ती एकदाही म्हणाली नाही की ऊठ आणि विश्वास धर. एकदा फक्त म्हणाली, "काहून रडतेस? तुझ्या वाटचं मी म्हणतो ना." आमच्याकडे बायकाही 'म्हणतो' म्हणतात, पुण्याच्या लोकांनी हसू नये. मला स्वतःला प्रार्थना करता येत नव्हती तेव्हा ती माझ्या वतीनं कुणीतरी करत होतं. भाचीला मी एवढंच सांगितलं होतं. तिला ते पुरेसं वाटलं नाही, तिचं बरोबर असेल.

कायद्याचं एका ओळीत: १९१२ चा वेड्यांचा कायदा जाऊन १९८७ चा आला, तो जाऊन २०१७ चा, आणि त्यात आता रुग्णाचे हक्क लिहिलेले आहेत. लग्नाच्या बैठकीत मात्र १९१२ च चालू आहे.

मी मागच्या आठवड्यात मुलाच्या सासरकडून नंबर घेऊन त्या मुलाच्या आईला स्वतः फोन केला. मामा सांगितले, १९८४ सांगितलं, १९९१ सांगितलं, शंभरात किती तेही सांगितलं. त्या बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "बाई, आमच्या सासूबाईंना पण कोंडून ठेवत होते. आम्ही लकवा सांगतो." मग आम्ही दोघी गप्प.

रविवारी ती मंडळी गोंदियाला येताहेत. लग्न होईल की नाही ते मला ठाऊक नाही, पोरं बोलताहेत एकमेकांशी. तो खांद्याचा फोटो नातीनं मोठा करून आणलाय आणि बैठकीत लावलाय. बहिणीला हे वाचून राग येणार. तिचा फोन आला की मी उचलणार आहे.